प्लॅनर आणि मटेरियलाइज्ड व्ह्यू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मच्छीमार सोसायट्या, आंबा बागायतदार आणि बाजार समित्यांसाठी हिशेबाची सॉफ्टवेअरं लिहिणारी बरीच मुलंमुली आता गावी राहूनच काम करतात. दहा वर्षांचा डेटा साठला की रिपोर्ट रेंगाळायला लागतात आणि कुणीतरी सुचवतं, "मटेरियलाइज्ड व्ह्यू टाक." टाकल्यावर पुढचे प्रश्न सुरू होतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत.

उदाहरण सगळीकडे एकच आहे. हर्णे, मिरकरवाडा, देवगड, मालवण आणि वेंगुर्ला या पाच बंदरांवरच्या मासळी लिलावाचं "लिलाव" नावाचं टेबल. एका बोलीची एक ओळ: तारीख, बंदर, नौका, मासा, वजन, रक्कम. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत: दर बंदरावर दिवसाला ४०० बोली, माशांच्या २० जाती. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी वगळली की वर्षाचे ३०४ दिवस उरतात. म्हणजे वर्षाला ६,०८,००० ओळी, दहा वर्षांत ६०,८०,०००.

साधा व्ह्यू आणि मटेरियलाइज्ड व्ह्यू यांत फरक काय?

साधा व्ह्यू म्हणजे नाव दिलेली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न). तो वापरला की प्लॅनर, म्हणजे उत्तर कुठल्या वाटेने काढायचं हे ठरवणारा डेटाबेसचा भाग, आतली क्वेरी उलगडतो आणि मूळ टेबलावरच काम करतो, त्यामुळे वेळ वाचत नाही. मटेरियलाइज्ड व्ह्यूमध्ये क्वेरीचं उत्तरच डिस्कवर लिहून ठेवलेलं असतं. आगोटीला घराघरांत पावसाळ्याची बेगमी करतात, सुकी मासळी आणि आमसुलं भरून ठेवतात, तसंच हे. कष्ट एकदाच आणि आधी करायचे. त्यामुळे साठवलेलं अजून चांगलं आहे ना, हा प्रश्न साध्या व्ह्यूला कधी पडत नाही, याला मात्र रोज पडतो.

आपला पहिला व्ह्यू असा असेल:

सिलेक्ट तारीख, बंदर, मासा, सम(वजन), सम(रक्कम), काउंट(*) फ्रॉम लिलाव ग्रुप बाय तारीख, बंदर, मासा

रोज पाचही बंदरांवर वीसही जाती आल्या असं धरलं तरी दहा वर्षांत ३,०४,००० ओळी होतात. मूळ टेबलाच्या विसाव्या हिश्शाइतक्या.

इंडेक्स आहे की! मग हे कशाला?

इंडेक्समुळे हवी ती ओळ लवकर सापडते. पण "दहा वर्षांत बांगड्याची एकूण किती रक्कम झाली" असं विचारलं तर बांगड्याच्या सगळ्या ओळी वाचून बेरीज करावीच लागते, आणि ती बेरीज इंडेक्स वाचवत नाही. उलट एकाच नौकेच्या एकाच दिवसाच्या बोली बघायच्या असतील तर इंडेक्सच घाला, व्ह्यूच्या वाटेला जाऊ नका.

व्ह्यू बनवला की प्लॅनर तो आपोआप वापरतो का?

ते डेटाबेसवर अवलंबून आहे, आणि सगळ्यात जास्त अपेक्षाभंग इथेच होतो.

ओरॅकलमध्ये १९९९ च्या ८आय आवृत्तीपासून क्वेरी रीराइट आहे. तुम्ही क्वेरी मूळ टेबलावर लिहिता, प्लॅनर स्वतःहून ती व्ह्यूकडे वळवतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००० च्या आवृत्तीपासून इंडेक्स्ड व्ह्यू आहेत, पण आपोआप जुळवणी एंटरप्राइझ दर्जाच्या आवृत्तीत होते. बाकी आवृत्त्यांत क्वेरीत व्ह्यूचं नाव घेऊन नोएक्सपांड हा हिंट (प्लॅनरला दिलेली सूचना) द्यावा लागतो. डीबी२ मध्ये हीच सोय मटेरियलाइज्ड क्वेरी टेबल या नावाने आहे. अपाचे कॅल्साइट ही प्लॅनर बांधायची खुली लायब्ररी हे काम करते आणि अपाचे हाइव्हने ३.० पासून तिच्याच जोरावर रीराइट आणलं.

पोस्टग्रेसमध्ये मटेरियलाइज्ड व्ह्यू २०१३ च्या ९.३ पासून आहेत, पण तिथला प्लॅनर मूळ टेबलावरची क्वेरी स्वतःहून व्ह्यूकडे वळवत नाही. क्वेरीत व्ह्यूचं नाव तुम्हालाच लिहावं लागतं. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट यांत तर मटेरियलाइज्ड व्ह्यू ही गोष्टच नाही. तिथे साधं सारांश टेबल बनवून ट्रिगरने (ओळ बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडने) किंवा रात्रीच्या जॉबने भरतात.

व्ह्यूतून उत्तर निघेल हे प्लॅनरला कळतं कसं?

सगळा विषय या प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर. प्लॅनर अंदाज बांधत नाही. व्ह्यूतून काढलेलं उत्तर आणि मूळ टेबलातून काढलेलं उत्तर कुठल्याही डेटावर सारखंच येईल, हे त्याला सिद्ध करावं लागतं. सिद्ध झालं तरच व्ह्यू उमेदवार ठरतो. शंका आली की प्लॅनर तो सोडून देतो आणि मूळ टेबल वाचतो. हेच बरोबर आहे, कारण उशिरा आलेला रिपोर्ट परवडतो पण चुकीचा परवडत नाही.

समजा क्वेरी अशी आहे: एप्रिल २०२४ मध्ये मालवण बंदरात जातवार किती वजन उतरलं? प्लॅनर आधी टेबलं बघतो. दोन्हीकडे "लिलाव" आहे, ठीक. मग अटी. क्वेरीला हव्या त्या सगळ्या ओळींचा हिशेब व्ह्यूत असलाच पाहिजे. आपल्या व्ह्यूला काहीच अट नाही, त्यामुळे सगळं आत आहे. तो "१ जानेवारी २०२० पासून पुढे" एवढाच असता तरी चाललं असतं, कारण एप्रिल २०२४ त्या पल्ल्यात बसतो. "फक्त सुरमई" असा असता तर मात्र नाही. क्वेरीची उरलेली अट, म्हणजे मालवण आणि एप्रिल, व्ह्यूच्या वर लावायची आहे, तर त्यासाठी बंदर आणि तारीख हे कॉलम व्ह्यूत आहेत का? आहेत. नसते तर गाडी इथेच अडली असती.

आता गट. व्ह्यूचे गट बारीक आहेत (तारीख, बंदर, मासा) आणि क्वेरीचा गट ढोबळ (मासा). बारीक गट एकत्र करून ढोबळ करता येतात, उलटं करता येत नाही. राहिली बेरीज. दिवसांच्या बेरजांची बेरीज म्हणजे महिन्याची बेरीज, म्हणून चालतं. मग प्लॅनर नवी क्वेरी रचतो: व्ह्यूतून मालवण आणि एप्रिलच्या ओळी घे, मासा धरून गट कर, वजनाच्या बेरजा मिळव. तीस दिवस गुणिले वीस जाती, फार तर ६०० ओळी. मूळ टेबलात याच कामाला १२,००० ओळी लागल्या असत्या.

जिल्हावार विचारलं तर? व्ह्यूत जिल्हा नाही, पण बंदर आहे. "बंदर" टेबलात प्रत्येक बंदराचा जिल्हा एकच असेल आणि तिथे प्राथमिक की (प्रत्येक ओळीला वेगळी ओळख देणारा कॉलम) असेल, तर चांगला प्लॅनर ते टेबल व्ह्यूला मागाहून जोडून जिल्हा मिळवतो.

सर्वसाधारण स्वरूपात हा प्रश्न अवघड आहे. साध्या जॉइन-क्वेरींपुरतंही (टेबलं एकमेकांना जोडणाऱ्या क्वेरी) एक क्वेरी दुसरीत सामावते का हे ठरवणं एनपी-पूर्ण, म्हणजे झटपट सोडवायची सर्वसाधारण रीत माहीत नसलेलं, असल्याचं चंद्रा आणि मर्लिन यांनी १९७७ मध्येच दाखवलं. त्यामुळे प्रत्यक्षातले प्लॅनर ठरावीक आकाराच्या क्वेरींपुरतेच नियम वापरतात. तुमची क्वेरी त्या आकारात बसेल अशी लिहिणं तुमच्या हातात आहे.

सरासरी चुकीची का येते?

व्ह्यूत सरासरी साठवली आणि वर पुन्हा तिची सरासरी काढली तर चुकणारच. हर्ण्याला सोमवारी सुरमईच्या चार बोली लागल्या, प्रत्येकी सरासरी ६०० रुपये. मंगळवारी एकच बोली, ९०० रुपये. सरासरींची सरासरी ७५०. खरा हिशेब ३,३०० भागिले ५, म्हणजे ६६०. नव्वद रुपयांचा फरक, आणि तोही नौकेवाल्याच्या नावावर जाणाऱ्या रिपोर्टमध्ये.

म्हणून व्ह्यूत सरासरी ठेवूच नका. बेरीज आणि मोजणी ठेवा. प्लॅनर समजदार असेल तर क्वेरीतली सरासरी तो स्वतःच बेरीज भागिले मोजणी अशी फोडतो. मोजणी ज्या कॉलमची सरासरी हवी त्याचीच ठेवा. रक्कम रिकामी असलेली ओळ काउंट(*) मोजतो, काउंट(रक्कम) मोजत नाही. कॉलम नॉट नल (रिकामा ठेवता न येणारा) असेल तर दोन्ही सारखेच, आणि हे प्लॅनरला तेव्हाच कळतं जेव्हा तुम्ही तसं घोषित केलेलं असतं. माशाचा किलोमागे दर हवा असेल तर एकूण रक्कम भागिले एकूण वजन. दोन्ही बेरजा व्ह्यूत आहेतच.

महिन्यात किती वेगवेगळ्या नौका आल्या, हे रोजच्या व्ह्यूतून निघेल का?

नाही. सोमवारी आलेली नौका मंगळवारीही येते, म्हणून रोजचे आकडे मिळवले की ती दोनदा मोजली जाते. काउंट डिस्टिंक्टला (वेगवेगळ्या किमतींच्या मोजणीला) हे दुखणं आहेच, मध्यक (मीडियन) काढतानाही आहे. मार्ग दोन. एक, नौका हा कॉलम गटात घेऊन वेगळा व्ह्यू करा. तो मोठा होतो, पण उत्तर अचूक देतो. दोन, थोडी चूक चालणार असेल तर हायपरलॉगलॉगसारखी अंदाजे मोजणीची रचना साठवा. तिचे तुकडे एकत्र करता येतात. अनुदानाच्या किंवा परवान्याच्या कामाला अंदाजे मोजणी वापरू नका.

व्ह्यूत "नौका" टेबलाचा जॉइन आहे, क्वेरीत नाही. तरी व्ह्यू वापरता येतो का?

येतो, पण एका अटीवर. त्या जास्तीच्या जॉइनमुळे लिलावाची एकही ओळ गळत नाही आणि एकही दुणावत नाही, हे प्लॅनरला माहीत हवं. दुणावत नाही याची हमी "नौका" टेबलाची प्राथमिक की देते. गळत नाही याची हमी लिलावातली परकीय की (लिलावातली नौका "नौका" टेबलात असलीच पाहिजे हे बंधन) आणि त्या कॉलमवरचं नॉट नल बंधन.

आपल्याकडच्या डेटाबेसमध्ये नेमकी परकीय कीच नसते, आणि त्याला कारणही असतं. परजिल्ह्यातली नौका बंदराला लागते, नोंदणी यादीत तिचं नाव नसतं, लिलाव सुरू झालेला असतो, की असेल तर एंट्री अडते. म्हणून की काढून टाकतात. मग इनर जॉइनवाल्या (दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवणाऱ्या) व्ह्यूतून त्या नौकेची मासळी गुपचूप गायब होते आणि बेरजा जुळेनाशा होतात. यापेक्षा "नोंद नसलेली नौका" अशी एक ओळ यादीतच ठेवा, तशा एंट्री तिच्याकडे वळवा आणि परकीय की लावा. लिलाव अडत नाही, हिशेब जुळतो आणि प्लॅनरला हमी मिळते.

तुम्हाला जे माहीत आहे ते डेटाबेसला सांगितलेलं नसेल, तर प्लॅनरच्या दृष्टीने ते नाहीच. नवीन व्ह्यू बनवण्याआधी बंधनं घोषित करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. अर्ध्या वेळा अडलेलं काम तेवढ्यानेच सुटतं.

व्ह्यू शिळा झाला असेल तर प्लॅनर चुकीचं उत्तर देईल का?

ओरॅकलमध्ये यासाठी तीन पातळ्या आहेत. एन्फोर्स्ड (मूळ सेटिंग हेच) म्हणजे व्ह्यू ताजा असेल आणि बंधनं तपासलेली असतील तरच वापर. ट्रस्टेड म्हणजे तुम्ही जाहीर केलेल्या, पण डेटाबेसने न तपासलेल्या नात्यांवरही विश्वास. स्टेल टॉलरेटेड म्हणजे शिळा असला तरी चालेल. एसक्यूएल सर्व्हरचा इंडेक्स्ड व्ह्यू मूळ टेबलाबरोबरच बदलतो, त्यामुळे शिळा होतच नाही. त्याची किंमत प्रत्येक एंट्रीला मोजावी लागते. पोस्टग्रेसमध्ये रिफ्रेश करेपर्यंत (मूळ टेबलावरून पुन्हा भरेपर्यंत) व्ह्यू जुनाच, आणि तो जुना असल्याचं कुणी सांगतही नाही.

माझं मत असं: गेल्या वर्षाशी तुलना करणाऱ्या रिपोर्टला कालपर्यंतचा डेटा पुरतो. पैसे चुकते करायच्या पावतीला अजिबात पुरत नाही, ती मूळ टेबलातूनच काढा. आणि रिपोर्टच्या माथ्यावर "डेटा अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंतचा" असं छापा. सोसायटीच्या सेक्रेटरींना ते बघायचा हक्क आहे.

जुनं बंद पान व्ह्यूतून आणि आजचं मूळ टेबलातून, असं जमतं का?

जमतं, आणि आपल्या कामाला हे फार सोयीचं आहे. काल रात्रीपर्यंतची बेरीज व्ह्यूतून, आजच्या फार तर दोन हजार ओळी थेट टेबलातून, दोन्ही युनियन ऑल करून (ओळी एकाखाली एक जोडून) वर पुन्हा गट. काही प्लॅनर हे स्वतः करतात. टाइमस्केलडीबीच्या कंटिन्युअस अॅग्रिगेटमध्ये ही सोय आहे. नसेल तर साध्या व्ह्यूत हा युनियन लिहून ठेवा आणि सगळे रिपोर्ट त्याच्यावरच चालवा. सीमेची तारीख दोन्ही बाजूंनी एकाच जागेवरून वाचा, नाहीतर एखादा दिवस दोनदा मोजला जातो.

रिफ्रेश पूर्ण करावा की फक्त बदललेल्या भागाचा?

साठ लाख ओळींवर पूर्ण रिफ्रेश रात्री सहज होतो. तेवढ्यासाठी गुंतागुंत वाढवू नका. डेटा त्याच्या कैक पट झाला, किंवा ताजेपणा तासागणिक हवा असला, तर वाढीव रिफ्रेशकडे वळा. ओरॅकलमध्ये त्यासाठी मूळ टेबलावर मटेरियलाइज्ड व्ह्यू लॉग लागतो. पोस्टग्रेससाठी पीजी_आयव्हीएम हे एक्स्टेंशन आहे.

बेरीज आणि मोजणी वाढीव पद्धतीने सांभाळणं सोपं असतं: नवी ओळ आली की मिळवा, खोडली की वजा करा. मोजणी शून्यावर आली की गटच काढून टाका. काउंट(*) व्ह्यूत ठेवण्याचं हेही एक कारण आहे, आणि एसक्यूएल सर्व्हर तर गट असलेल्या इंडेक्स्ड व्ह्यूत काउंट_बिग(*) सक्तीने मागतो. किमान-कमाल मात्र त्रास देतात. पापलेटची त्या दिवसाची सगळ्यात मोठी बोली चुकीची निघाली आणि खोडली, तर दुसऱ्या क्रमांकाची बोली कोणती हे व्ह्यूला माहीत नसतं. त्या गटापुरतं मूळ टेबल पुन्हा वाचावं लागतं.

पोस्टग्रेसमधला साधा रिफ्रेश चालू असताना व्ह्यू वाचताही येत नाही. २०१४ च्या ९.४ पासून आलेला कॉन्करंटली पर्याय वाचणाऱ्यांना अडवत नाही, पण त्याला व्ह्यूवर युनिक इंडेक्स (एकच किंमत दोनदा येऊ न देणारा) लागतो. आपल्या व्ह्यूत तो तारीख, बंदर, मासा यांवर बसेल.

किती व्ह्यू बनवावेत?

कमीत कमी. तारखेच्या पातळ्या चार (दिवस, महिना, वर्ष, एकत्र), बंदराच्या तीन (बंदर, जिल्हा, एकत्र), माशाच्या दोन. एकूण २४ व्ह्यू शक्य आहेत आणि दिवस-बंदर-मासा या एकाच व्ह्यूतून सगळ्यांची उत्तरं निघतात. प्रश्न एवढाच की आणखी कोणता बनवला तर सगळ्यात जास्त वाचेल. हरिनारायण, राजारामन आणि उल्मन यांनी १९९६ मध्ये यावर साधी हावरी पद्धत दिली: दर खेपेला जो व्ह्यू सगळ्यात जास्त फायदा देतो तो निवडायचा, मग उरलेल्यांचा फायदा नव्याने मोजायचा. मिळणारा फायदा सर्वोत्तम निवडीच्या किमान ६३ टक्के असतो, हे त्यांनी सिद्ध केलं.

आपल्याकडे दुसरा क्रमांक बहुतेक महिना-बंदर-माशाचा लागेल: वर्षात दहा महिने गुणिले पाच गुणिले वीस, दहा वर्षांच्या फक्त १०,००० ओळी. दिवस-बंदर हा १५,२०० ओळींचा व्ह्यूही लहानच आहे, पण माशाचं नाव न घेता रिपोर्ट मागणारे थोडे. कोण काय विचारतं याची नोंद क्वेरी-लॉगमधून काढा आणि मगच ठरवा.

व्ह्यू जास्त झाले तर प्लॅनर मंदावतो का?

हो, कारण प्रत्येक क्वेरीला प्रत्येक व्ह्यू जुळवून बघावा लागतो. गोल्डस्टीन आणि लार्सन यांनी २००१ मध्ये एसक्यूएल सर्व्हरसाठी फिल्टर ट्री मांडली, ती यासाठीच. टेबलं, कॉलम, गट अशा खुणांवरून न जमणारे व्ह्यू आधीच गळतात आणि खरी तपासणी थोड्यांचीच होते. जुळलेला व्ह्यूही लगेच वापरला जात नाही. त्याची किंमत बाकीच्या प्लॅनशी तोलली जाते. एका नौकेच्या एका दिवसाच्या क्वेरीला मूळ टेबलावरचा इंडेक्सच स्वस्त पडतो.

व्ह्यू जुळायला हवा, तरी प्लॅनर घेत नाही. कुठे बघू?

आधी एक्सप्लेन, म्हणजे प्लॅनरने निवडलेली वाट दाखवणारी आज्ञा. ओरॅकलवर असाल तर डीबीएमएस_एमव्ह्यूमधलं एक्सप्लेन_रीराइट कारण शब्दांत सांगतं, अंदाज बांधत बसू नका.

सगळ्यात नेहमीचं कारण तारखेची अट. "महिना(तारीख) = ४ आणि वर्ष(तारीख) = २०२४" असं लिहिलं की कितीतरी प्लॅनरना त्यातला पल्ला दिसत नाही. "तारीख १ एप्रिल २०२४ पासून, १ मे २०२४ च्या आधी" असं लिहा. त्यानंतर जॉइनचा प्रकार: व्ह्यूत इनर, क्वेरीत आउटर (न जुळणाऱ्या ओळीही ठेवणारा), असं आहे का बघा. क्वेरीतलं गणित व्ह्यूत वेगळ्या रूपात आहे का तेही बघा. आजची तारीख देणारं फंक्शन व्ह्यूच्या व्याख्येत असेल तर काढा, त्याचं उत्तर रोज बदलतं. शेवटी स्टॅटिस्टिक्स. रिफ्रेशनंतर अॅनालाइझ (ती गोळा करणारी आज्ञा) चालवलं नसेल तर प्लॅनरला व्ह्यूचा आकार नीट कळत नाही आणि तो नको तो जॉइन निवडतो.

व्ह्यूतली बेरीज आणि मूळ टेबलातली बेरीज शेवटच्या अंकात वेगळी येते. असं का?

वजन फ्लोट (अंदाजे दशांश साठवणाऱ्या) प्रकारात आहे. फ्लोटमध्ये बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात, आणि व्ह्यूमुळे क्रम बदलतोच: आधी दिवसाची बेरीज, मग महिन्याची. समांतर चालणारी क्वेरी तर मूळ टेबलावरही दोनदा दोन उत्तरं देऊ शकते. वजन आणि रक्कम दोन्ही न्यूमेरिक (दशांश अचूक साठवणारा प्रकार) करा, वजनाला तीन दशांश आणि रकमेला दोन. कॉलमचा प्रकार बदलण्यासाठी जून-जुलै मोकळे आहेत. लिलाव बंद असताना मूळ टेबल बदला, व्ह्यू पहिल्यापासून बांधा आणि १ ऑगस्टच्या आधी एका बंदराचा एक जुना महिना दोन्ही वाटांनी काढून आकडे ताडून बघा.